फॉर्म २१४ वरचा एक रकाना

अमेरिकेतल्या बंदरांजवळचे फॉरेन ट्रेड झोन म्हणजे ड्युटी (आयात शुल्क) लांबणीवर टाकायची सोय, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. माल झोनमध्ये आहे तोवर ड्युटी नाही, देशात विकायला काढला की भरायची, परदेशी पाठवला तर सहसा भरावीच लागत नाही. बाँडेड वेअरहाउसमध्ये, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवायच्या कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात, माल ५ वर्षं ठेवता येतो, झोनला मुदत नाही. पण ड्युटी उशिरा भरून नुसतं व्याज वाचवायला झोनचा खर्च क्वचितच परवडतो.

झोन १९३४ च्या कायद्याने आले, उत्पादनाची मुभा १९५० च्या दुरुस्तीने मिळाली, आणि मोठी बचत तिथेच आहे. समजा सुट्या भागांवर ६ टक्के ड्युटी आहे आणि तयार यंत्रावर २ टक्के. १०० डॉलरचे भाग थेट आणले तर ६ डॉलर जातात. झोनमध्ये जोडणी करून यंत्र बाहेर काढलं तर त्याच १०० डॉलरवर २. झोनमधली मजुरी, वरखर्च आणि नफा या रकमेत धरत नाहीत. झोनमध्ये उत्पादन करायला झोन बोर्डाची (झोनना मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाची) परवानगी आधी घ्यावी लागते. प्रक्रिया १२० दिवसांची असते, म्हणून यंत्रसामग्री बसवायच्या आधीच अर्ज करावा.

आता तो रकाना. माल आत घेताना कस्टम्सच्या फॉर्म २१४ वर त्याचा दर्जा लिहायचा असतो. ‘प्रिव्हिलेज्ड फॉरेन’ लिहिलंत की भागांचा त्या दिवशीचा दर कायमचा चिकटला. पुढे त्यांचं काहीही बनवा. ‘नॉन-प्रिव्हिलेज्ड’ असेल तर बाहेर पडताना माल ज्या रूपात असेल त्याचा दर. एकदा ‘प्रिव्हिलेज्ड’ लिहिलं की ते मागाहून बदलता येत नाही. अमेरिकी व्यापार कायद्याच्या कलम ३०१ ची जादा ड्युटी असलेल्या चिनी मालाला ‘प्रिव्हिलेज्ड’ दर्जाच सक्तीचा आहे, त्यामुळे दरातल्या फरकाचा फायदा तिथे संपतो. कॅनडा-मेक्सिकोला जाणाऱ्या मालाचे नियमही वेगळे आहेत; निर्यात म्हणजे शून्य ड्युटी, असं तिथे गृहीत धरू नका.

रोज माल निघत असेल तर साप्ताहिक एंट्री (माल देशात आणताना कस्टम्सकडे भरायची नोंद) घ्या. मर्चंडाइज प्रोसेसिंग फी, म्हणजे आयात मालावरची कस्टम्सची फी, मालाच्या किमतीच्या ०.३४६४ टक्के असते आणि एका एंट्रीला तिची कमाल मर्यादा ६०० डॉलरच्या थोडी वर आहे. आठवड्यात प्रत्येकी २ लाख डॉलरच्या १० खेपा वेगवेगळ्या काढल्या तर ६,००० च्या वर फी जाते, एकाच एंट्रीत एकदाच कमाल रक्कम. मात्र एंट्री अंदाजावर भरायची असते, आणि अंदाजापेक्षा जास्त माल निघणार असेल तर तो काढण्याआधीच जादाची एंट्री हवी. गोदामाला हे कुणी सांगितलेलंच नसतं!

साठ्याच्या नोंदींवरूनही दंड होतात. पुरवठादार पेट्या मोजतो, गोदाम नग मोजतं, फॉर्मवर किलो असतात. साठ्याचा वर्षअखेरचा ताळमेळ ९० दिवसांत लावावा लागतो, तेव्हा एककं पहिल्या खेपेपासून एकच ठेवा.