क्लस्टर जुळत नसेल तर आधी ९३०० तपासा

इलास्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरचा तीन नोडचा क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या तीन सर्व्हरचा गट) उभा करताना बहुतेकांची तपासणी ९२०० या पोर्टवरच थांबते. कर्ल कमांडने विचारलं, तिन्ही सर्व्हरनी आपापली आवृत्ती सांगितली, झालं काम! प्रत्यक्षात तिथे तीन स्वतंत्र क्लस्टर एकेका नोडचा संसार करत असू शकतात. ९२०० हे तुमचं ॲप, किबाना (डेटा दाखवणारं साधन), लॉगस्टॅश (डेटा भरणारं साधन) यांच्यासाठी. नोड एकमेकांशी बोलतात ते ९३०० वर (याला ट्रान्सपोर्ट म्हणतात), आणि ते बोलणं एचटीटीपी नसतं. ब्राउझरने ९३०० उघडायला गेलात तर 'हे एचटीटीपी पोर्ट नाही' अशा अर्थाचं उत्तर मिळतं, किंवा टीएलएस (एन्क्रिप्शन) चालू असेल तर तेवढंही नाही.

आवृत्ती ८ चं लिनक्ससाठीचं डेब किंवा आरपीएम पॅकेज टाकलं की सुरक्षेची जुळणी आपोआप होते. कॉन्फिग फाइलमध्ये 'एचटीटीपी.होस्ट: ०.०.०.०' अशी ओळ लिहिली जाते, 'ट्रान्सपोर्ट.होस्ट'ची ओळ मात्र समोर हॅश लावून बंद ठेवलेली असते. म्हणजे ९२०० सगळ्यांना दिसतं आणि ९३०० फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरतं, ऐकत बसतं. शिवाय 'क्लस्टर.इनिशियल_मास्टर_नोड्स'मध्ये त्या एकट्या मशीनचंच नाव असतं. अशा नोडने एकदा सुरू होऊन स्वतःचा क्लस्टर बनवला, की नंतर कॉन्फिग कितीही सुधारा, तो दुसऱ्या क्लस्टरमध्ये जाणार नाही. क्लस्टरची ओळख डेटा फोल्डरमध्ये नोंदलेली असते, त्यामुळे ते फोल्डर रिकामं करावं लागतं. नवा नोड असेल तर बिनधास्त करा. त्यात इंडेक्स (साठवलेला डेटा) असतील तर हात लावू नका. म्हणून दुसरा-तिसरा नोड पहिल्यांदा सुरू करण्याआधीच एनरोलमेंट टोकनने (चालू क्लस्टरकडून मिळणाऱ्या जोडणीच्या संकेताने) जोडून घेणं बरं.

समजा नोड १०.०.०.११, १२ आणि १३ वर आहेत. प्रत्येकावर 'नेटवर्क.होस्ट'ला त्याचा स्वतःचा खासगी पत्ता द्या. ०.०.०.० दिल्यास सगळ्या इंटरफेसवर ऐकलं जातं, पण इतर नोडना कळवायचा पत्ता एकच असतो. मशीनवर डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) असेल आणि १७२.१७.०.१ हा पत्ता कळवला गेला, तर बाकीचे नोड त्या पत्त्यावर कधीच पोचणार नाहीत. दोन इंटरफेस असतील तर 'नेटवर्क.पब्लिश_होस्ट' स्वतः लिहा. 'डिस्कव्हरी.सीड_होस्ट्स'मध्ये (इतर नोड कुठे शोधायचे ती यादी) तिन्ही पत्ते द्या. तिथे पोर्ट लिहायचंच असेल तर ९३००. सवयीने ९२०० लिहिलेलं फार वेळा दिसतं.

पोर्टचा मूळ आकडा एकेरी नसून पट्टा असतो: एचटीटीपीला ९२०० ते ९३००, ट्रान्सपोर्टला ९३०० ते ९४००. पहिलं मोकळं सापडेल ते घेतलं जातं. ९३०० दुसऱ्या एखाद्या प्रोसेसने अडवलं असेल तर नोड गुपचूप ९३०१ वर जातो आणि फायरवॉलपाशी अडतो. प्रॉडक्शनवर 'ट्रान्सपोर्ट.पोर्ट: ९३००' असं पक्कं लिहा, म्हणजे पोर्ट अडलेलं असेल तर नोड सुरूच होणार नाही आणि चूक तिथेच दिसेल. जुन्या ब्लॉगमधलं 'ट्रान्सपोर्ट.टीसीपी.पोर्ट' आवृत्ती ८ मध्ये चालत नाही.

फायरवॉलमध्ये ९३०० फक्त नोडच्या पत्त्यांना उघडा, पण दोन्ही दिशांनी. प्रत्येक नोड दुसऱ्याकडे स्वतःहून कनेक्शन उघडतो. मास्टर (क्लस्टर सांभाळणं) आणि डेटा (माहिती साठवणं) या दोन्ही भूमिका असतील तर एका दिशेला १३ कनेक्शन. डेटा नोड मास्टरपर्यंत पोचतो, पण दुसऱ्या डेटा नोडपर्यंत नाही, अशी अर्धवट स्थिती सगळ्यात त्रासदायक: क्लस्टर जुळलेला वाटतो आणि रेप्लिका (डेटाच्या प्रती) काही बनत नाहीत. एडब्ल्यूएसवर सिक्युरिटी ग्रुपच्या (तिथल्या फायरवॉलच्या) नियमात सोर्स म्हणून तोच ग्रुप दिला की नवा नोड आपोआप सामावतो. आणि डॉकरने बाहेर काढलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलचे नियम ओलांडून जातं, त्यामुळे 'यूएफडब्ल्यूत बंद आहे' यावर विसंबू नका. डॉकरमध्ये पोर्ट उघडतानाच खासगी पत्ता जोडा.

अडलं कुठे हे ओळखायला शेजारच्या नोडवरून एनसी कमांडने ९३०० ठोठावा. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा तिथे कोणी ऐकत नाहीये. त्या मशीनवर एसएस -एलटीएन (ऐकत असलेली पोर्ट दाखवणारी कमांड) चालवून १२७.०.०.१ दिसतंय का पाहा. नुसतं ताटकळून टाइमआउट झालं तर बहुधा फायरवॉल पॅकेट गिळतेय. पोर्ट उघडं आहे तरी नोड येत नसेल, तर लॉगमध्ये सर्टिफिकेटवर विश्वास नसल्याची तक्रार शोधा. तिन्ही सर्टिफिकेटांचं सीए (त्यांच्यावर सही करणारं) एकच हवं. सरतेशेवटी कॅट नोड्स एपीआयमध्ये (क्लस्टरमधल्या नोडची यादी) तीन ओळी दिसल्या पाहिजेत.

चालता क्लस्टर अधूनमधून नोड गमावत असेल, तर मधली फायरवॉल शांत पडलेली कनेक्शन तोडतेय का बघा. ही कनेक्शन मुद्दाम दीर्घकाळ उघडी ठेवलेली असतात, आणि लिनक्सचा कीपअलाइव्हचा (शांत कनेक्शन जिवंत आहे का हे किती वेळाने तपासायचं त्याचा) मूळ आकडा ७२०० सेकंद आहे. तो ३०० किंवा कमी करा. त्यासोबत 'नेट.आयपीव्ही४.टीसीपी_रिट्राइज२' (उत्तर न आल्यास पुन्हा पाठवण्याच्या प्रयत्नांची मर्यादा) १५ वरून ५ वर आणा. १५ असताना तुटलेलं कनेक्शन ओळखायला पंधरा मिनिटांहून जास्त लागू शकतात, ५ असताना साधारण सहा सेकंद.