अनोळखी माणसाचा हात धरायला शिकवणारी स्कॉटलंडची ‘केली’

स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांतच ‘केली’चं आमंत्रण येतं. कधी विद्यापीठाच्या स्वागत-सप्ताहात, कधी सहकाऱ्याच्या लग्नात, नाहीतर ३० नोव्हेंबरच्या सेंट अँड्र्यूज डेला (स्कॉटलंडच्या रक्षक संताचा दिवस) किंवा २५ जानेवारीच्या बर्न्स नाइटला (कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणाची रात्र). शब्द गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतला, आहे. पूर्वी एकमेकांच्या घरी जमून गाण्यागोष्टींत घालवलेल्या संध्याकाळीला तो वापरत. आज केली म्हणजे मुख्यतः सामूहिक नाच. आपल्या ‘जलकेली’तल्या केलीशी त्याचं काही नातं नाही, पण उच्चार जवळपास तोच आणि भावही फार लांबचा नाही. ‘मला नाचता येत नाही’ म्हणून पुष्कळ जण जायचं टाळतात. टाळू नये. ज्यांना नाचता येत नाही त्यांना सामावून घेण्यासाठीच तर हा प्रकार रचलेला आहे.

अकॉर्डियन, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि ड्रम हा नेहमीचा वाद्यमेळ. सोबत एक जण माइकवर पावलं सांगत असतो, त्याला कॉलर म्हणतात. प्रत्येक नाचाआधी तो संगीताशिवाय एकदा सगळं चालून दाखवायला लावतो. ही दोन मिनिटं गप्पांत घालवली की पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला नाच बहुधा ‘गे गॉर्डन्स’. जोडीनं चार पावलं पुढे जायचं, वळायचं आणि त्याच दिशेनं चार पावलं मागे-मागे चालायचं; मग हेच उलट बाजूला. पुढे एकानं दुसऱ्याच्या हाताखाली गिरकी घ्यायची आणि शेवटी पोल्का, म्हणजे जोडीनं उडत्या पावलांनी गोल फिरणं. नवशिक्याची गल्लत हमखास त्या वळण्यात होते. तोंड फिरतं, पण चालायची दिशा तीच राहते, हे डोक्यात बसायला दोन फेऱ्या लागतात. पोल्का जमला नाही तर जोडीदाराबरोबर नुसतं भराभर चालावं, कुणी काही म्हणत नाही.

माणसं जोडण्याच्या दृष्टीनं सगळ्यात हुशारीनं बांधलेला नाच म्हणजे ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’. तिघांची रांग समोरच्या तिघांकडे तोंड करून उभी राहते. सहा जणांनी गोल करून आठ पावलं डावीकडे, आठ उजवीकडे. मग मधला माणूस एका बाजूच्या सोबत्यासमोर चार ठोके जागच्या जागी पावलं टाकतो, चार ठोक्यांत त्याच्याबरोबर फिरतो; दुसऱ्या बाजूच्या सोबत्याशी पुन्हा तेच. पुढचे सोळा ठोके तिघं इंग्रजी आठच्या आकड्यासारखे एकमेकांना ओलांडत राहतात. गोफ विणताना पाहिला असेल तर हे लगेच उमगेल. शेवटी दोन्ही रांगा पुढे येऊन पाय आपटतात, मागे जाऊन टाळ्या वाजवतात, आणि एक रांग हात उंचावून दुसरीला खालून जाऊ देते. पलीकडे नवे तिघं उभे असतात. एक फेरी ६४ ठोक्यांची, जेमतेम अर्ध्या मिनिटाची. आठ फेऱ्या झाल्या की २४ नव्या माणसांचा हात धरून झालेला असतो. ‘आपण कुठले, काय करता’ हे विचारायची गरजही पडलेली नसते. ज्याची इंग्रजी अजून अडखळते, ज्याला तिथले उच्चार कळत नाहीत, त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. पुढे चहाच्या रांगेत तीच माणसं भेटली की बोलणं आपोआप सुरू होतं.

‘स्ट्रिप द विलो’ मात्र जपून. समोरासमोर दोन रांगा असतात आणि मधून एक जोडी जाते. रांगेतल्या माणसाला डाव्या हातानं फिरवायचं, जोडीदाराला उजव्या, पुन्हा रांगेतला पुढचा डाव्या, असं करत शेवटापर्यंत जायचं. ‘जोडीदार उजवा, बाकी सगळे डावे’ एवढं पाठ ठेवलं की पुरे. इथे तोल सांभाळायचं तत्त्व फुगडीचंच: दोघांनीही थोडं मागे झुकून एकमेकांचं वजन पेलायचं. एकानं अंग सैल सोडलं की दुसऱ्याच्या खांद्याला हिसका बसतो. मनगट पकडण्यापेक्षा कोपरात कोपर अडकवणं बरं. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या आधीच काढून ठेवा. उत्साहात रांगा आत सरकत जातात, मधली वाट अरुंद होते आणि टकरा होतात. म्हणून अधूनमधून एक पाऊल मागे व्हायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी हा एक नाच बसून पाहावा.

एका रात्रीच्या केलीनं ओळखी होतात, पण तब्येतीला खरा उपयोग दर आठवड्याच्या वर्गाचा. असे वर्ग चालवणारी रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी १९२३ मध्ये ग्लासगोत स्थापन झाली. तिथे पावलं अधिक काटेकोर असतात आणि मऊ तळव्याचे बूट घालतात. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि ६५ वर्षांपुढच्यांनी किमान दोन दिवस ताकद आणि तोल सांभाळण्याचे प्रकार करावेत. या नाचात दिशा बदलणं, एका पायावर भार घेणं आणि पुढची आकृती लक्षात ठेवणं सगळं एकदमच घडतं. ‘स्कॉटिश बॅले’ ही नृत्यसंस्था तर पार्किन्सन झालेल्यांसाठी वेगळे वर्ग घेते. या आजारात चालताना पाय जागीच खिळतात; बाहेरून येणारा ठेका ऐकत पाऊल टाकलं की अनेकांना ते उचलणं सोपं जातं.

डिसेंबरात एडिंबरात पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. एकट्यानं राहणाऱ्याला, मग तो विद्यार्थी असो की मुलाकडे आलेले आई-वडील, त्या लांबलचक अंधारात आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी बाहेर पडायचं निमित्त हवंच. बऱ्याच दवाखान्यांत ‘कम्युनिटी लिंक वर्कर’ असतो. जवळपास कोणते गट भरतात ते त्याला विचारता येतं. आई-वडिलांना नेणार असाल तर आधी फोन करून पावलं न उड्या मारता, चालत करता येतील का आणि भिंतीकडेला खुर्च्या आहेत का, एवढं विचारून घ्या. मध्यंतरात ‘स्टोव्हीज’ नावाचा बटाट्याचा पदार्थ बऱ्याचदा असतो. त्यात मांस असू शकतं, तेव्हा शाकाहारींनी चौकशी करूनच ताट घ्यावं.

शेवटी सगळे मोठा गोल करून ‘ऑल्ड लँग साइन’ हे निरोपाचं गाणं म्हणतात. सुरुवातीला हात नुसते शेजाऱ्याच्या हातात द्यायचे. छातीवर फुली करून उजवा हात डावीकडच्याला आणि डावा उजवीकडच्याला द्यायचा, तो फक्त शेवटच्या कडव्याला.