घरी डीजे डेक घ्यायचाय? आधी टेम्पो फेडर बघा, जॉग व्हील नंतर

डिजिटल डेक घ्यायचं ठरलं की नजर आधी जाते जॉग व्हीलच्या (डेकवरच्या फिरत्या चाकाच्या) आकाराकडे आणि रंगीत पॅडकडे. रोज वाजवताना गाठ पडते ती मात्र वेगळ्याच गोष्टींशी. टेम्पो फेडर (गाण्याचा वेग बदलणारी सरकती कळ) किती बारीक सरकतो, हेडफोनचा आवाज मेन आउटपुटपासून खरोखर वेगळा निघतो का, आणि गाण्यांची लायब्ररी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बांधली जाणार आहे. या तिन्हींपैकी काही चुकलं तर पुढे त्यावर इलाज फारसा नसतो. बाकी उणिवा सवयीने निभावून नेता येतात.

घरासाठी ढोबळमानाने चार रस्ते आहेत. पहिला कंट्रोलर: लॅपटॉपवर सॉफ्टवेअर, आणि समोर दोन डेक व मधे मिक्सर एकाच पेटीत. दुसरा लॅपटॉपशिवाय चालणारं स्वतंत्र यंत्र, म्हणजे एक्सडीजे-आरएक्स३ किंवा डेनॉन प्राइम ४ यांच्यासारखं. त्यात पडदा असतो आणि पेनड्राइव्ह लावला की काम सुरू. तिसरा वेगळे प्लेअर आणि वेगळा मिक्सर, क्लबमध्ये असतो तसा. चौथा टाइमकोडचा: खरे टर्नटेबल, त्यावर विशेष रेकॉर्ड, आणि गाणं लॅपटॉपमधून. शिकण्यासाठी आणि घरच्या मिक्ससाठी कंट्रोलर पुरेसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर जाऊन पेनड्राइव्हवर वाजवायचं पक्कं असेल किंवा लॅपटॉपच्या पडद्यात डोळे अडकून राहत असतील, तर स्वतंत्र यंत्राचा विचार करावा. वेगळे प्लेअर घरी ठेवायला जागा फार लागते, आणि तितक्या खर्चात कंट्रोलरसोबत चांगले मॉनिटर स्पीकर आणि हेडफोन असं सगळंच येतं.

आता टेम्पो फेडर. कानाने बीट जुळवायला शिकायचं असेल तर डेकवरचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. मिडी म्हणजे कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर यांच्या संवादाची पद्धत. तिचा साधा संदेश ७ बिटचा असतो, म्हणजे फेडरच्या पूर्ण प्रवासात फक्त १२८ पायऱ्या. रेंज ±८ टक्के असेल तर एकूण १६ टक्के त्या पायऱ्यांत वाटले जातात आणि एक पायरी पडते साधारण ०.१२६ टक्क्यांची. १२४ बीपीएमच्या (मिनिटाला १२४ ठोक्यांच्या) गाण्यात हा जवळपास ०.१६ बीपीएमचा झटका झाला. तुम्हाला हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मधे असेल, तर कितीही हळू सरकवलं तरी अर्ध्या पायरीची चूक उरतेच. ती चूक एका मिनिटात सुमारे ३८ मिलिसेकंद जमते. दोन किक ड्रम एवढे सरकले की ठोका एक न राहता फुटलेला ऐकू येतो. दोष कानाचा नसतो, आणि शिकणारा मात्र स्वतःलाच बोल लावत बसतो. १४ बिटच्या फेडरमध्ये १६ हजारांहून जास्त पायऱ्या असतात, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. सॉफ्टवेअरमध्ये बीपीएम दोन दशांश स्थळांपर्यंत दिसेल असं करा आणि फेडर अगदी हळू सरकवा. आकडा १२४.००, १२४.०१, १२४.०३ असा चालला तर उत्तम. एकदम १२४.१६ वर उडी मारली तर ते यंत्र सोडून द्या.

फेडरची लांबीही बघा. क्लबमधल्या प्लेअरवर तो १०० मिलिमीटरचा असतो, बऱ्याच कंट्रोलरवर ६० च्या आसपास, आणि खिशात मावेल अशा छोट्या यंत्रांवर त्याहून आखूड. ±८ टक्क्यांवर ६० मिलिमीटरच्या फेडरचा एक मिलिमीटर म्हणजे १२४ बीपीएमला सुमारे ०.३३ बीपीएम; १०० मिलिमीटरवर तोच एक मिलिमीटर ०.२ चा. आखूड फेडर असेल तर रेंज ±६ वर ठेवा, बोटाला बारीक हालचाल जमते. रेंज ±१६ वर राहून गेली की सगळंच दुप्पट धसमुसळं होतं, आणि नवख्यांच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

फेडरबाबत आणखी एक गोष्ट न समजल्यामुळे लोक यंत्र परत करायला निघतात. सिंक (सॉफ्टवेअरने दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणं) वापरल्यावर गाण्याचा वेग सॉफ्टवेअर बदलतं, फेडर मात्र होता तिथेच राहतो. मग सिंक बंद करून फेडर हलवला तर काहीच होत नाही, कारण फेडर सॉफ्टवेअरमधल्या जागेपर्यंत पोचेपर्यंत सॉफ्टवेअर वाट बघतं. काही सॉफ्टवेअरमध्ये उलट, वेग एकदम उडी मारतो. हा बिघाड नाही. फेडर पडद्यावरच्या खुणेपर्यंत आणा, तिथून तो परत हाताला लागतो.

साउंड कार्डकडे वळू. हेडफोनमध्ये पुढचं गाणं आणि स्पीकरवर चालू गाणं असं हवं, तर दोन स्वतंत्र स्टिरिओ जोड्या लागतात, म्हणजे किमान चार आउटपुट चॅनेल. फार स्वस्त आणि छोट्या कंट्रोलरमध्ये साउंड कार्डच नसतं. त्यांच्यासोबत स्प्लिटर केबल वापरायला सांगतात: लॅपटॉपच्या हेडफोन जॅकचा डावा चॅनेल स्पीकरला, उजवा हेडफोनला. चालतं, पण दोन्हीकडे मोनो. मग रेकॉर्डिंगलाही मजा नाही आणि आवाजाचा पसाराही कळत नाही. यंत्राच्या माहितीत हेडफोनचा जॅक यंत्रावरच आहे ना आणि मास्टर आउट (स्पीकरला जाणारा मुख्य आउटपुट) वेगळा आहे ना, एवढं वाचूनच पुढे जा.

मास्टर आउट बहुतेक घरगुती कंट्रोलरवर आरसीएचा असतो. पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) मॉनिटर स्पीकरच्या मागे मात्र बहुधा क्वार्टर इंची टीआरएस किंवा एक्सएलआर. इथे लागते दोन आरसीए ते दोन मोनो क्वार्टर इंच अशी केबल, प्रत्येक स्पीकरला एक. हाताशी आहे म्हणून स्टिरिओ पिनची केबल एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली तर विचित्र प्रकार होतो: ते इनपुट दोन तारांमधला फरक घेतं, त्यामुळे डाव्या-उजव्यात समान असलेलं सगळं एकमेकांना खोडतं. किक, बेस आणि गायकाचा आवाज गायब, उरतं नुसतं पोकळ सळसळणं. स्पीकर खराब समजून लोक दुकान गाठतात. आरसीएची केबल दोन-तीन मीटरच्या आत ठेवा. लांब अंतर असेल तर बॅलन्स्ड आउट असलेला कंट्रोलर घ्यावा.

स्पीकरमधून बारीक गुणगुण येत असेल तर पहिली चाचणी म्हणजे लॅपटॉपचा चार्जर काढणं. गुणगुण थांबली की समजा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरी राहिली तर आरसीएच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नाही, त्यात जिवाला धोका आहे.

आवाज तुटत असेल किंवा फटफट ऐकू येत असेल तर बफर तपासा, म्हणजे आवाज बाहेर पाठवण्याआधी सॉफ्टवेअर किती साठवून ठेवतं ते. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, आणि १०२४ म्हणजे २३.२. सुरुवात २५६ ने करा, तुटलं तर ५१२ वर जा. मिक्सिंगला ५१२ खुशाल चालतं. स्क्रॅच करणाऱ्याला ते हाताला जड लागेल. विंडोजवर निर्मात्याचा एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाका, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि पॉवर प्लॅन पूर्ण क्षमतेवर ठेवा. कंट्रोलर हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडा: यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, आणि त्यातच माउस, डिस्क आणि कंट्रोलर वाटून घेऊ लागले की मधेच जोडणी तुटते. ब्लूटूथ स्पीकर या कामाला नकोच. त्याचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात जातो. हेडफोनमध्ये जुळलेली लय खोलीत घसरलेली ऐकू येते.

तिसरी गोष्ट लायब्ररी. कंट्रोलर घेताना खरं तर सॉफ्टवेअर निवडलं जातं. रेकॉर्डबॉक्समध्ये तयार केलेला पेनड्राइव्ह पायोनियरच्या प्लेअरवर सरळ चालतो, त्यामुळे क्लबचा रस्ता ज्यांना धरायचाय त्यांच्यासाठी तो सोयीचा. सेराटोचं स्क्रॅच करणाऱ्यांमध्ये जुनं वजन आहे. ट्रॅक्टर लूप आणि इफेक्ट्ससाठी आवडतं. मिक्स्स मोफत आणि ओपन सोर्स आहे, बऱ्याच कंट्रोलरसाठी त्याचं मॅपिंग (कुठलं बटण काय करेल याची जुळणी) तयार मिळतं. खरेदीआधी एवढं तपासा की यंत्र जोडल्यावर सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती खुली होते की फक्त लाइट. पूर्ण आवृत्तीचे पैसे वेगळे द्यायचे असतील तर यंत्राच्या किमतीत ते धरूनच तुलना करा.

दोन-तीन हजार गाण्यांवर क्यू पॉइंट (गाण्यातल्या हव्या त्या जागेच्या खुणा) आणि ग्रिड (ठोक्यांच्या जागांची आखणी) लावून झाल्यावर सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे घर बदलण्याइतकं काम. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण काही एमपी३ फायलींमध्ये सगळी ग्रिड आणि सगळे क्यू एकसारखे सुमारे २६ मिलिसेकंदांनी सरकलेले सापडतात. कारण एमपी३ची एक फ्रेम ११५२ सॅम्पलची असते, ४४.१ किलोहर्ट्झला २६.१ मिलिसेकंदांची, फाइलची सुरुवात एक सॉफ्टवेअर एका फ्रेमपासून धरतं, दुसरं पुढच्या. वेव्ह आणि एआयएफएफमध्ये ही अडचण येत नाही. त्या दोघांतही मी एआयएफएफ सुचवेन, कारण त्यात कलाकाराचं नाव आणि कव्हरचं चित्र नीट टिकतं, वेव्हमध्ये टॅगचा भरवसा नसतो.

ग्रिडबद्दल सिंक वापरणाऱ्यांनीही गाफील राहू नये. १७४ बीपीएमचं गाणं सॉफ्टवेअर ८७ वाचतं, हे नेहमीचं. एका बटणात दुप्पट होतं. जास्त त्रास देते ती सम. ग्रिड प्रत्येक ठोक्यावर अचूक बसली, पण पहिली मात्रा तिसरीवर धरली गेली, तर सिंक म्हणेल जुळलं आणि ऐकताना गाणी एकमेकांशी भांडत राहतील. गाण्याच्या सुरुवातीला पहिला ठोका शोधा, ग्रिड तिथे आणा, मग शेवटच्या मिनिटात जाऊन ती अजून ठोक्यावरच आहे ना ते बघा. हाताने वाजवलेल्या ड्रमची जुनी गाणी मधेच वेग बदलतात. त्यांना एकच सरळ ग्रिड बसत नाही, बदलती ग्रिड लावावी लागते किंवा सिंक सोडून कानाने वाजवावं लागतं.

स्वतंत्र यंत्र घेणाऱ्यांसाठी पेनड्राइव्हचं गणित: ३२० केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला २.४ एमबी खातो, वेव्ह मिनिटाला १०.६ एमबी. सहा मिनिटांचं गाणं धरलं तर ६४ जीबीमध्ये एमपी३ची चार हजारांवर गाणी बसतात, वेव्हची हजाराच्या आसपास. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस बरेच प्लेअर वाचत नाहीत आणि एक्सफॅट जुन्यांना कळत नाही. फ्लॅक फायलींचा संग्रह असेल तर नीट बघा: २००९ चा सीडीजे-२००० फ्लॅक वाजवत नाही, २०१६ चा सीडीजे-२०००एनएक्सएस२ वाजवतो. आणि ड्राइव्ह कायम दोन ठेवा, दोन्ही सारखेच भरलेले.

जॉग व्हीलबद्दल थोडक्यात. मिक्सिंगमध्ये त्याचं काम ढकलणं आणि रोखणं एवढंच, त्याला पाच-सहा इंची चाक पुरतं. स्क्रॅच करायचं असेल तर मोठं चाक, आणि त्याहून महत्त्वाचा हलका क्रॉसफेडर (एका डेकवरून दुसऱ्यावर आवाज नेणारी आडवी कळ) हवा, शक्यतो चुंबकीय किंवा बदलता येणारा. ट्रॅक्टर कंट्रोल एस४ एमके३ आणि रेन वन यांची चाकं मोटरवर फिरतात. रेकॉर्डची सवय असलेल्या हाताला ती भावतात. इतरांनी तो पैसा स्पीकरवर घालावा. चार चॅनेलचंही तसंच. दोन चॅनेल पुरेनासे झाल्यावर चार घ्यावेत.

टाइमकोडच्या वाटेने जाणाऱ्यांनी टर्नटेबलची ग्राउंड तार मिक्सरला स्क्रूखाली घट्ट आवळावी आणि फोनो-लाइन स्विच (सिग्नल टर्नटेबलचा की इतर उपकरणाचा ते ठरवणारा) बरोबर आहे का ते बघावं. सेराटोच्या रेकॉर्डवर १ किलोहर्ट्झचा सूर कोरलेला असतो. सुईवर धूळ साचली किंवा तार सैल झाली की तो सूर गढूळ होतो आणि गाणं थरथरू लागतं.

हेडफोन बंद कपाचे आणि कमी इम्पिडन्सचे (विद्युत अडथळ्याचे) घ्या, ३२ ते ६० ओहमच्या दरम्यान. २५० ओहमचे स्टुडिओ हेडफोन कंट्रोलरवर दबके वाजतात. टेबल इतकं उंच हवं की डेकचा माथा कोपराच्या जरा खाली येईल, उभ्या माणसाला साधारण ९० ते १०० सेंटिमीटर. जेवणाच्या टेबलावर तासभर वाकून वाजवलं की पाठ बोलू लागते. मॉनिटर स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा आणि ट्वीटर कानाकडे वळवा.

जुनं यंत्र घेताना लॅपटॉप, हेडफोन आणि दोन गाणी सोबत न्या. क्रॉसफेडर एका टोकाला नेऊन आवाज वाढवा. दुसऱ्या बाजूचं गाणं पाझरत असेल तर फेडर झिजलाय. प्रत्येक नॉब सावकाश फिरवून खरखर ऐका. टेम्पो फेडर मधल्या खाचेत सोडल्यावर आकडा ० वर स्थिर राहायला हवा, नाचता कामा नये. क्यूचं बटण वीसदा पटापट दाबा, कारण सगळ्यात आधी तेच थकतं. जॉग व्हीलच्या माथ्यावर फक्त बोट टेकवून गाणं थांबतं का बघा. तुमच्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर आजही मिळतो का, हे घरून निघायच्या आधीच निर्मात्याच्या पानावर बघून ठेवा. आणि गाणं चालू असताना यूएसबीची केबल सॉकेटपाशी हलकेच डावी-उजवीकडे हलवा. त्यात आवाज एकदाही तुटला तर सॉकेट बदलायचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर दुसरं यंत्र बघा.