खिशात फोन, फोनला कुलूप

तिकिटं नवऱ्याने काढली आणि तिकिटाखालची बारीक अक्षरं मी वाचली, हे आमच्या घरातलं जुनंच कामवाटप. नोव्हेंबर 2024, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन. त्या बारीक अक्षरांत होतं की कार्यक्रम ‘फोन-फ्री’ आहे. मला वाटलं, आपल्याकडे नाट्यगृहात तिसऱ्या घंटेआधी होते तशी सूचना असेल. ‘कृपया आपले भ्रमणध्वनी बंद ठेवावेत’ म्हणतात, सगळे ऐकतात, आणि पहिल्याच प्रवेशात कुणाचा तरी फोन ‘जय जय राम कृष्ण हरी’ करून वाजतो.

तसं नव्हतं. कार्यक्रमाच्या आधी आलेल्या ईमेलमध्ये सगळं स्पष्ट होतं. फोन आणि स्मार्टवॉच दारातच एका पिशवीत घालायचं, पिशवीला कुलूप लागेल. पिशवी आपल्याजवळच राहील, पण ती उघडणार कार्यक्रम संपल्यावर. मध्येच फोनची गरज पडली तर बाहेर ठरवून दिलेल्या जागेत जाऊन उघडून घ्यायची आणि परत येताना पुन्हा बंद करायची.

मला पहिला धक्का बसला तो मुलामुळे. नऊ वर्षांचा मुलगा शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही दोघं जाणार. काकू मूळच्या नाशिकच्या, साउथ हॅरोत तीस वर्षं राहिलेल्या. मी त्यांना सांगितलं की अडीच-तीन तास आम्हाला फोन उचलता येणार नाहीत. त्या म्हणाल्या, “अगं, आम्ही तुमच्या काकांबरोबर नाटकाला जायचो तेव्हा फोन होता कुठे? सीट नंबर लिहून ठेव फ्रिजवर, झालं.” सीट नंबर मी फ्रिजवर लिहिला. स्वतःसाठी लिहायचा राहिला. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

दुसरा प्रश्न जास्त खरा होता. नवऱ्याला लहानपणापासून टाइप वन मधुमेह. दंडावर सेन्सर असतो आणि साखर किती आहे ते फोनवर दिसतं, खाली गेली की फोनच ओरडतो. फोन कुलपात गेला तर ते बघायचं कसं? सेन्सरसोबत फोनऐवजी वापरायचं एक छोटं यंत्र मिळतं, पण आमचं घर बदलताना कुठल्या खोक्यात गेलं देव जाणे. नवरा म्हणाला, “दोन तासांचा तर प्रश्न आहे.” त्याचं हे वाक्य मी बारा वर्षं ऐकते आहे. मी सरळ हॉलला ईमेल केला. उत्तर आलं की वैद्यकीय कारण असेल तर कुलपाऐवजी वेलक्रोची पिशवी मिळते, म्हणजे फोन पिशवीतच राहील पण गरज पडली तर लगेच काढता येईल. दारात कर्मचाऱ्यांना सांगा, लवकर या. कुणाला अशी गरज असेल तर माझं एवढंच सांगणं, आधी विचारून ठेवा. रांगेत मागे दोनशे माणसं उभी असताना आपला आजार समजावून सांगायला नको वाटतं.

त्या दिवसांत मी या पिशव्यांबद्दल बरंच वाचलं. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची असल्यामुळे मला वाटत होतं की फोनने शूटिंग थांबवायला काहीतरी भारी तंत्र असेल. तसं तंत्र कागदावर खरंच आहे. अ‍ॅपलने 2009 साली अर्ज केलेल्या एका पेटंटला 2016 च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली. कल्पना अशी की रंगमंचाजवळ इन्फ्रारेड दिवा बसवायचा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. त्यातून सांकेतिक संदेश सोडायचा, आणि कॅमेरा स्टेजकडे धरला की फोनने तो ओळखून आपणहून रेकॉर्डिंग बंद करायचं. खोटं वाटत असेल तर टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मुलाला दाखवलं तर त्याने घरातले तिन्ही रिमोट तपासले.

ते पेटंट कुठल्याही फोनमध्ये उतरलं नाही. मंजुरीच्या वेळीच लोकांनी विचारलं होतं की हा दिवा उद्या पोलिसांच्या हातात आला आणि मोर्च्याचं शूटिंग बंद पडलं तर? शिवाय टेस्टिंगवालीच्या नजरेने बघितलं तर एका कंपनीचे फोन ऐकणार आणि बाकीचे नाही, अशी व्यवस्था पहिल्याच कार्यक्रमात कोसळेल. जॅमरचंही, म्हणजे मोबाइलचं नेटवर्क अडवणाऱ्या यंत्राचंही, तसंच. आपल्याकडे नाट्यगृहात जॅमर बसवा अशी मागणी अधूनमधून होते. त्याने फोन वाजायचा थांबेल, शूटिंग नाही. कॅमेऱ्याला नेटवर्क लागतंच कुठे? आणि परवानगीशिवाय जॅमर लावणं इथे बेकायदा, भारतातही बेकायदा. कुणाला छातीत दुखलं तर अ‍ॅम्ब्युलन्सला फोन कोण करणार?

मग उरली पिशवी. ‘यॉन्डर’ ही कंपनी ग्रॅहम डुगोनी या माणसाने 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केली. पिशवी जाडसर रबरी कापडाची. तोंडाशी एक खटका, तो दाबला की बंद. उघडायला चुंबकाची बैठक लागते, तिच्यावर खटका टेकवायचा. कपड्यांच्या दुकानात चोरी होऊ नये म्हणून शर्टाला डबी लावतात ना, तोच प्रकार. ना अ‍ॅप, ना सिग्नल, ना अपडेट. डेव्ह शॅपेलच्या विनोदाच्या कार्यक्रमांत, रॉक गायक जॅक व्हाइटच्या 2018 च्या दौऱ्यात हीच पिशवी होती, आणि शाळांतही ती मोठ्या प्रमाणावर जाते. दहा-बारा वर्षांच्या पोरांना दिवसभर जे जमतं ते आपल्याला संध्याकाळपुरतं जमेल, असं मी मनाशी म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी साउथ केन्सिंग्टनला उतरून चालत गेलो. जाताना नवऱ्याने तीन बिस्किटं जादा खाल्ली, साखर जरा वर राहिलेली बरी म्हणून. ऐन शांततेत फोनचा भोंगा वाजला असता तर डिलनने काही म्हटलं नसतं कदाचित, पण आजूबाजूच्यांनी आम्हाला चावून खाल्लं असतं.

दारात तिकीट फोनवरच दाखवलं, ते स्कॅन झालं. पुढच्या पावलावर एक मुलगी पिशव्यांचा ढीग घेऊन उभी. “फोन आणि घड्याळ?” मी दोन्ही दिलं. खट्. हातात परत आली ती राखाडी पिशवी, थोडी जड. नवरा वेलक्रोची पिशवी घ्यायला पलीकडच्या टेबलाकडे गेला, “आत भेटू” म्हणून मी पुढे निघाले. दहा पावलांवर लक्षात आलं की सीट नंबर फोनमध्ये आहे. फोन कुलपात आहे. फ्रिज हॅरोत आहे.

अल्बर्ट हॉल गोल आहे, हे चित्रात छान दिसतं. आतला बोळही गोल. मी नवऱ्याला शोधत डावीकडून निघाले. तो, नंतर कळलं, मला शोधत त्याच दिशेने निघाला होता. दोघंही एकाच चालीने चालत होतो, त्यामुळे प्रदक्षिणा पूर्ण झाली तरी गाठ पडेना. हात चार वेळा पर्सकडे गेला. एकदा तर मी पिशवीसकट फोन बाहेर काढून त्याच्याकडे बघत उभी राहिले, जणू काही तो कापडाआडून बोलणार आहे. आत तो थरथरलाही. नवराच असणार, त्याच्या हातात फोन होता ना! माझा फोन माझ्याच हातात वाजत होता आणि मला उचलता येत नव्हता. शेवटी मी मिरजेच्या जत्रेत हरवलेल्या पोरीने करावं ते केलं, जिथे होते तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. पाच मिनिटांनी तो आला. त्याच्या खिशात तिकिटांची छापील प्रत होती. “बारीक अक्षरांत लिहिलं होतं, छापून आणा म्हणून,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ती वाचली होती.

मिरजेचं नाव निघालं म्हणून सांगते, या सगळ्यात माझी खरी अडचण वेगळीच होती. माझे बाबा कॅसेटवाले. मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथे ते मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. घरी दोन पेट्या भरून कॅसेटी. एकीत भैरवीच्या मधोमध कुणाचं तरी पोर रडतं, आणि आज मला ती भैरवी त्या रडण्याशिवाय अपुरी वाटते. चोरून म्हणा, हौसेने म्हणा, कुणीतरी रेकॉर्ड केलं म्हणून मी ते गाणं ऐकलं. मग हॉलमध्ये फोन वर धरणाऱ्याला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू?

आणि गंमत अशी की डिलनइतकं चोरून रेकॉर्ड झालेला माणूस क्वचितच असेल. 1969 मध्ये त्याच्या न छापलेल्या गाण्यांची पांढऱ्या कोऱ्या वेष्टनातली रेकॉर्ड हातोहात खपली होती. 1966 च्या दौऱ्यात त्याने साधी गिटार सोडून इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून प्रेक्षकांतून कुणीतरी ‘जुडास’ (येशूला दगा देणारा शिष्य) असं ओरडलं, ते रेकॉर्डिंग तर कित्येक वर्षं याच अल्बर्ट हॉलचं म्हणून हातोहात फिरत होतं. ते खरं मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलचं, 17 मे 1966 चं. 1998 मध्ये रेकॉर्ड कंपनीने ते रीतसर काढलं तेव्हासुद्धा अल्बर्ट हॉलचं नाव अवतरणचिन्हांत ठेवूनच. नवऱ्याने हॉस्टेलमध्ये तीच प्रत ऐकली होती. म्हणजे तो ज्या सभागृहाच्या प्रेमात पडून इथे आला, तिथे ते घडलंच नव्हतं.

दिवे गेले आणि पहिली गोष्ट जाणवली ती अंधार. पाच हजारांहून जास्त माणसं आणि एकही चौकोनी उजेड नाही. अशा अंधारात मी शेवटची कधी बसले होते ते आठवेना, बहुतेक शाळेत असताना, सांगलीत नाटकाला. डिलन पियानोशी बसला होता. 83 वर्षांचा माणूस, आमच्या जागेवरून अंगठ्याएवढा. पडद्यावर मोठा करून दाखवणंही नाही. एरवी मी कॅमेऱ्यातून झूम करून चेहरा बघितला असता. आता डोळे बारीक करून बघत राहिले, मग बघणं सोडून ऐकायला लागले. त्याचा आवाज आता खडबडीत आहे, कधी बोलल्यासारखा, आणि ओळखीच्या गाण्याची चाल तो अशी बदलतो की अर्धं कडवं झाल्यावर शेजारी कुजबुज होते, अरे, हे तर ते!

पहिली वीस मिनिटं मला शांतपणे बसता आलं नाही, हेही कबूल करते. मुलाने जेवण केलं असेल का? किती वाजले? घड्याळही कुलपात. पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या मनगटावर चावीचं घड्याळ होतं, त्यांच्याकडे तिघाचौघांनी वेळ विचारली. मध्यंतर नव्हतं. बाहेर जाऊन फोन उघडून यावं असं दोनदा मनात आलं, पण रांगेतल्या आठ जणांचे गुडघे ओलांडायचे म्हटल्यावर काळजी जरा कमी झाली.

नवऱ्याने एकदा वेलक्रो उघडला. त्याचा तो ‘चर्र’ आवाज मला तोफेसारखा वाटला. लगेच टॉर्चवाली स्वयंसेविका बाजूला हजर. त्याने काही न बोलता शर्टाची बाही वर करून दंडावरचा सेन्सर दाखवला. ती हसली, मान हलवून गेली. साखर इथल्या मापात 9.2 होती, म्हणजे आपल्याकडच्या मापात साधारण 165, बिस्किटं जरा जास्तच झाली होती.

हार्मोनिका वाजली तेव्हा कुणी ओरडलं नाही, कुणी हात वर केले नाहीत, कारण हातात धरायला काही नव्हतंच. त्या क्षणी मला बाबांचा टेपरेकॉर्डर आठवला, आणि फोनशी त्याची तुलना करणं मी थांबवलं. बाबा बटण दाबून विसरून जायचे, डोळे मिटून ऐकायचे. फोन धरणारा माणूस चौकट सांभाळत बसतो, आणि त्याच्या मागचा माणूस त्याच्या फोनवर डिलन बघतो. पिशवीने नेमकं हेच थांबतं. आवाज तर अजूनही कुणीतरी काढून नेतोच. या दौऱ्याची ध्वनिमुद्रणं नवऱ्याच्या ओळखीच्या मंडळींत फिरत असतातच. ते कसं करतात ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बाहेर पडताना पिशव्या उघडायला गर्दी झाली. बैठकीवर टेकवली, टक्, पिशवी परत टोपलीत. मिनिटभराचं काम. लगेच फूटपाथवर शेकडो चेहरे निळसर उजळले, माझाही. काकूंचा एकच मेसेज होता, “झोपला. भाजी संपवली नाही.” आणि नवऱ्याचे सहा मिस्ड कॉल.

रविवारी बाबांना फोन केला. “रेकॉर्डिंग पाठव,” ते म्हणाले. नाही म्हटल्यावर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “बरं, जॅकेट कुठलं घातलं होतं?” मी म्हटलं, काळं. मागून नवरा ओरडला, गडद निळं. बाबा म्हणाले, “ठरवा आणि सांगा.” अजून ठरलेलं नाही.