पेळूचा श्वास

११ जानेवारी, रात्री

पेळू, आमचा ससा, आजही झोपू देत नाही. शिंकांचं एवढं नाही. पाच-सहा एका दमात येतात, तो मान झटकतो आणि गप्प बसतो. पण शिंका थांबल्यावर मागे जो आवाज उरतो, ओल्या नळीतून हवा ओढावी तसा, तो भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. उठून मोबाइलच्या उजेडात त्याचे पुढचे पाय पाहिले. आतल्या बाजूचे केस चिकटून कडक झालेत. दिवसभर नाक पुसतो ते ह्याच पायांनी.

दिवाळीत सुरू झालं हे. तेव्हा वाटलं थंडी लागली असेल, जाईल चार दिवसांत. वेचणीच्या घाईत दोन महिने गेले आणि मी 'जाईल'च म्हणत राहिले.

नाव मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. मुक्ताने पिलू आणलं तेव्हा ते पांढरं, लांबट, हातात मावेल एवढं होतं. "हा तं पेळू हाये," म्हणाले. त्यांच्या लहानपणी शाळेत टकळीवर सूत काढायला लावत. पिंजलेल्या कापसाची लांबट गुंडाळी म्हणजे पेळू, त्या पिढीला वेगळा सांगावा लागत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला, वाण दिलं. एवढंच लिहिणार होते, पण हात अजून कापतोय.

मुक्ताच्या घशासाठी आणलेल्या पातळ औषधाची बाटली उरली होती. लेकराला चालतं तर सशाला दोन थेंब काय करतील, असं मनात आलं. झाकण उघडलं होतं. तरी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला, किती थेंब देऊ म्हणून. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचायला सांगितलं. अमॉक्सिसिलिन म्हणताच ते ओरडलेच. हे किंवा पेनिसिलिनच्या जातीचं कुठलंही औषध सशाला तोंडाने द्यायचं नाही. त्याच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात, घातक जंतू माजतात, जुलाब लागतात आणि ससा दगावतो.

बाटली उकिरड्यावर रिकामी करून आले. डॉक्टर म्हणाले, "ताई, माझा दिवस गाई-बकऱ्यांत जातो. ह्याचे दात आणि नाक नीट पाहायला हवं. नागपूरला न्या."

२० जानेवारी

पहाटेच्या एसटीने निघालो. बांबूच्या टोपलीत पेळू, वरून जुन्या सुती साडीचा पदर बांधलेला, सोबत मुक्ता. जाम चौरस्त्यापर्यंत तो शिंकला नाही, बुटीबोरीनंतर शिंकतच होता. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे नंबर लावला. आमच्या पुढे चार कुत्री, एक मांजर आणि एक बोकड.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नळी लावण्याआधी कापसाच्या बोळ्यातला एक तंतू ओढून चिमटीत धरला आणि पेळूच्या उजव्या नाकपुडीसमोर नेला. तंतू हलला. मग डावीकडे नेला. तिथे तो जेमतेम थरथरला. घरात कापसाचा ढीग पडलेला, आणि त्यातला एक धागा एवढं सांगू शकतो हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग त्या बोलत गेल्या आणि मी ऐकत. ससा नाकानेच श्वास घेतो. माणसासारखं नाक चोंदलं की तोंड उघडून त्याला भागवता येत नाही. तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर सकाळ होऊ देऊ नका, निघा. एरवी शांत बसलेला असताना मिनिटाला ३० ते ६० श्वास चालतात, ते मोजायला शिका. त्याला २८ दात असतात आणि सगळेच जन्मभर वाढत राहतात. चिवट गवत चघळून ते झिजले पाहिजेत. झिजले नाहीत तर दाढांना टोकं येतात आणि मुळंही आत हाडात सरकतात. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी वरच्या दातांच्या मुळांना खेटून जाते. ती दबली की डोळा भरतो, नाक वाहतं.

पेळूचा डावा डोळा पावसाळ्यापासून ओला होता. मी पदराने पुसत होते.

"खायला काय देता?" त्यांनी विचारलं. पोळी, भिजवलेले चणे, बिस्किट, गाजर. गवत? गवत थोडं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक्स-रेत डावीकडच्या वरच्या दाढांची मुळं लांबलेली दिसली. नाकातला नमुना तपासायला पाठवला. दाढांची टोकं घासायला भूल द्यावी लागणार होती. मी म्हटलं, रात्रभर उपाशी ठेवू का? नाही म्हणाल्या. सशाला उलटी होत नाही, उपाशी ठेवलं तर उलट पोट बंद पडतं.

२८ जानेवारी

दाढा घासून झाल्या. नमुन्यात पाश्चुरेला निघाला. हा जंतू कितीतरी सशांच्या नाकात आधीपासून असतो म्हणे. अंग थकलं, हवा वाईट मिळाली की उचल खातो. त्यावर एन्रोफ्लोक्सासिन हे औषध सुरू केलंय, वजनावर मोजून, काही आठवडे रोज द्यायचं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं: मुळं मागे येणार नाहीत, जंतू पूर्ण जाईलच असं नाही, आवाज थोडाफार राहील.

बसमध्ये मुक्ताने विचारलं, "म्हणजे बरा नाही होणार?" मी म्हटलं, जगेल. बरा आणि जगेल ह्यांत काय फरक आहे ते तिने विचारलं नाही. खिडकीबाहेर कापसाची पऱ्हाटी उपटायचं काम चाललं होतं.

३० जानेवारी

वाईट हवा म्हणजे काय, ते आज घरात फिरून पाहिलं.

पेळूचा पिंजरा मागच्या खोलीत. त्याच खोलीत भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस, आढ्यापर्यंत. पिंजऱ्यात खाली सोयाबीनचं कुटार, मऊ असतं म्हणून मीच घातलेलं. मूठभर उचलून उन्हात धरलं तर हात दिसेना एवढी धूळ. लघवीचा पत्रा दोन दिवसांआड धुवायचा, त्याचा वास नाकाला झोंबतो. तो वास अमोनियाचा, सशाचं नाक आतून सोलून काढणारा. आणि खिडकीबाहेर अंघोळीच्या पाण्याची चूल, तिच्यात पऱ्हाटीचा धूर. चारही गोष्टी आम्ही त्या एवढ्याशा नाकाभोवती जमवल्या होत्या.

पिंजरा छपरीत आणला. कुटाराऐवजी जुन्या गोधडीचे तुकडे, रोज धुऊन. पत्रा सकाळ-संध्याकाळ. चूल गोठ्यामागे. पोळी-बिस्किट बंद. बांधावरचं मारवेल गवत कापून, झटकून, सावलीत वाळवलेलं, हवं तितकं.

मामाजी खाटेवरून पाहत होते. खूप वेळाने म्हणाले, "सूनबाई, त्याले हालवलं ते बरं केलं. मलेबी त्या खोलीच्या बाजूनं रातच्यानं दाटून येते."

मामाजींनी ऐन उमेदीची वर्षं हिंगणघाटला जिनिंगमध्ये हमाली केली. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, असं ते नेहमी सांगायचे आणि आम्ही ते कामाच्या कंटाळ्याचं बोलणं समजायचो. कापसाच्या धुळीने फुफ्फुसाला होणाऱ्या दुखण्याची हीच खूण असते. त्यांची खाट मागच्या खोलीच्या भिंतीला लागून. सशाचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. त्यांचा खोकला मी इतकी वर्षं घरातला आवाज म्हणून सोडून देत आले.

३ फेब्रुवारी

कापूस विकला. यांच्या मनात अजून महिनाभर थांबायचं होतं. मी काही बोलले नाही. रात्री मामाजींच्या खाटेशी बसून आले आणि सकाळी यांनीच गाडी सांगितली.

१७ फेब्रुवारी, पहाट

काल दुपारपासून खाणं नाही. लेंड्या बारीक, मग त्याही नाहीत. ससा १२ तास खाल्ल्याशिवाय राहिला तर जिवावर बेततं, हे आता पाठ आहे. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं वाळलं गवत मिक्सरमधून काढून, कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं दिलं. सक्ती नाही, घाई नाही. नाक चोंदलं की त्याला अन्नाचा वासच येत नाही, म्हणून मुक्ताने कोथिंबीर चुरगाळून तोंडाशी धरली. साडेतीनला एक काडी ओढून घेतली त्याने. मग दुसरी. लेंडी पडल्याचा आवाज झाला तेव्हा मुक्ता टाळ्या वाजवणार होती, मी हात धरला.

९ मार्च

मामाजींना तालुक्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. वाफेचं मशीन आलं. पेळूलाही नागपूरहून मिठाच्या पाण्याची वाफ सांगितलीय, त्याचं मशीन वेगळं. संध्याकाळी दोघं शेजारी बसतात, एक खाटेवर, एक चादर टाकलेल्या खोक्यात. मामाजी खोक्यावर हात ठेवतात.

२२ मे

बाहेर ४५ अंश. सशाला घाम येत नाही, कानांतून जेवढी उष्णता जाईल तेवढी. छपरीला ओले पोते बांधलेत, पिंजऱ्यात मातीचं गार कौल ठेवलंय, त्यावर तो पोट टेकून पसरतो. श्वास भरभर चालतो तेव्हा आधी मी कान हाताने पाहते. कान तापलेले असले तर ऊन, नसले तर नाक. घुरघुर आहे, डाव्या बाजूची. ओली आणि कोरडी मला वेगळी कळते आता, आणि ओली झाली की फोन लावते.

कॅलेंडरवर दुधाच्या खुणांखाली मुक्ता शिंकांच्या रेघा मारते. जानेवारीतल्या चौकटीत जागा पुरली नव्हती. आज चार. काल नऊ होत्या, मागचे पाय ताणून निवांत झोपला होता तरी.

मागची खोली रिकामी आहे. कोपऱ्यातून आज पुन्हा सरकीचे दोन दाणे निघाले. पुढच्या दिवाळीत कापूस कुठे ठेवायचा ते अजून ठरलेलं नाही. मामाजी म्हणतात गोठ्यावर पत्रे टाकू. यांनी आज टेपने गोठा मोजला.