आटलेल्या नाल्याचा दरारा

मेळघाट बघायचा तर एप्रिलमध्ये, आणि तोही उंचावरून. साग उघडा, सालई उघडी, सगळा डोंगर करडा पडलेला. त्या करडेपणातून वळणं घेत गेलेली एक हिरवीगार रेघ दिसते. पाणी असेल म्हणून घसरत खाली उतरावं, तर नुसते गोटे आणि तापलेली वाळू!

पण नाला आटला म्हणून त्याची सत्ता जात नाही. वाळूखाली ओल टिकून असते, पुराचा गाळ काठाला बसलेला असतो. सागाला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही, तो मागे सरतो. मग काठ मिळतो कहू म्हणजे अर्जुन, जांभूळ, करंज आणि उंबर या मंडळींना. अर्जुनाच्या फळाला पाच पंख, करंजाची शेंग हलकी; दोन्ही पुरात तरंगत जातात. म्हणजे आपली रोपवाटिका नालाच चालवतो, तीही फुकटात.

यातला माझा पक्षपात उंबराकडे. खोडालाच लगडणारी फळं, वर्षातून अनेकदा. वर हरियाल आणि वानरं जेवतात. वानरांचं खाणं कमालीचं उधळं. अर्धं खातात, अर्धं टाकतात. खाली चितळं त्या सांडलवंडीवरच टपलेली. रात्री अस्वल येतं आणि उंबराच्या बिया पोटातून पार डोंगरापलीकडे नेऊन टाकतं. डोह शिल्लक असेल तिथल्या दाट झाडात हुमा घुबड दिवस काढतं आणि अंधार पडला की खेकडे, बेडूक, मासे धरतं. वाघही दुपारी इथेच पाण्यात बसकण मारतो. पर्यटकांना त्याचीच ओढ. बिचाऱ्या उंबराचा फोटो कोणी काढत नाही.

सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या सगळ्या नद्या अखेर तापीला मिळतात. उन्हाळ्यात त्यांच्या फाट्यांच्या वाळूत झिरा खणला की हातभर खाली पाणी लागतं. जनावरांसाठी आता सिमेंटचे पाणवठेही आहेत, टँकरने भरलेले. तहान भागते, हे खरंच. पण पाणी पिऊन झाल्यावर उरलेली दुपार काढायला चितळाला सावली लागते, आणि ती टँकरमधून येत नाही. म्हणून पाणवठ्यांचा हिशेब मांडताना नाल्याकाठची झाडंही मोजावीत, असं मला वाटतं. निदान उंबर तरी.