रक्तस्राव मोजायचा, अंदाज नाही बांधायचा

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी नुसता ‘प्रसूतीनंतरचा रक्तस्राव’ एवढाच विषय घेऊन गेलात, तर गाइड तो परत पाठवणार, आणि ते योग्यच आहे. प्रश्न असा बांधा: योनीमार्गे प्रसूती झालेल्या मातांमध्ये नजरेच्या अंदाजाऐवजी मापाच्या खुणा असलेला ड्रेप (मातेखाली सरकवायची, रक्त गोळा करणारी प्लास्टिकची पिशवी) वापरला, तर 500 मिली किंवा त्याहून जास्त रक्तस्राव अधिक वेळा ओळखला जातो का? रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम, चारही यात आले.

आता वाचन. 2023 च्या ई-मोटिव्ह या प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावरच्या चाचणीत, असा रक्तस्राव झालेल्या मातांपैकी 93.1 टक्के जणींमध्ये तो वेळीच ओळखला गेला. नेहमीच्या पद्धतीत 51.1 टक्के. पण तिथे ड्रेपसोबत गर्भाशयाचं मालिश, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं औषध), ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध), सलाइन असा उपचारांचा संचही होता. म्हणून गंभीर रक्तस्राव घटल्याचं श्रेय एकट्या ड्रेपला देऊ नका. ही चूक फार होते.

मोजणीतली खरी गडबड गर्भजलाची. ड्रेप बाळ बाहेर आल्यावर लगेच सरकवा. आधी लावला तर पाणीही रक्तात मोजलं जातं. पॅडमध्ये शोषलेलं रक्त म्हणजे पॅडचं ओलं वजन वजा कोरं वजन. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. मुंबईच्या पावसाळ्यात कापूस दमट होतो, म्हणून कोरं वजन त्याच दिवशी घ्या.

संमती कळा जोरात असताना मागू नका. ती तपासणीच्या भेटीतच, मराठी-हिंदीत समजावून घ्या. आणि एथिक्स कमिटीची मंजुरी व सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी पहिली माता अभ्यासात घेण्याच्या आधी, नंतर नाही.